नगरपालिकेची शताब्दी आणि ठराववहीतला गाव

एखाद्या नगरपालिकेला शंभर किंवा सव्वाशे वर्षे पूर्ण होणार असली की त्याची चाहूल वर्षभर आधीच अंदाजपत्रकात लागते. शताब्दी महोत्सवाच्या नावाने वेगळी तरतूद होते, समित्या नेमल्या जातात आणि पहिल्याच बैठकीत स्वागतकमान, शोभायात्रा, मुख्य इमारतीची रोषणाई, माजी नगराध्यक्षांचा सत्कार, सुगम संगीताची एक रात्र आणि स्मरणिका एवढे सारे ठरूनही जाते. यातल्या कशालाही तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. लहान शहरांतल्या लोकांना एकत्र जमण्याचे निमित्त हवे असते, आणि ते निमित्त दरवेळी एखाद्या देवाचे किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचेच असावे असेही नाही. आक्षेप आहे तो एवढाच की ज्या संस्थेची शताब्दी साजरी होते, त्या संस्थेचे स्वतःचे दप्तर या साऱ्या धामधुमीत कुठेच दिसत नाही. शताब्दीच्या वर्षात नगरपालिकेने सर्वांत आधी आपल्या जुन्या ठराववह्या बाहेर काढाव्यात आणि त्यांतले अभिमानाचे व लाजेचे असे दोन्ही प्रकारचे ठराव गावापुढे जसेच्या तसे ठेवावेत, असे माझे म्हणणे आहे. बाकीचा उत्सव त्यानंतर खुशाल व्हावा.

साजरे नेमके काय होते, याबद्दलच पुष्कळदा गोंधळ असतो. कमानीवर ‘शहराची शताब्दी’ असे लिहिलेले असले, तरी महाराष्ट्रातली बहुतेक शहरे शंभर वर्षांची नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत कऱ्हाडच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांच्या नोंदी सापडतात. कऱ्हाडची नगरपालिका मात्र १८५५ सालची. पैठण आणि तेर यांचे व्यापारी वैभव ग्रीक-रोमन लेखकांच्या कानी पोहोचले होते, तेव्हा नगरपालिका ही कल्पनाही नव्हती. पनवेल आपल्या नगरपालिकेसाठी १८५२ हे साल सांगते आणि राज्यातली पहिली नगरपालिका आपलीच असा अभिमान बाळगते. उल्हासनगरसारखे गाव अपवाद म्हणावे लागेल, कारण फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ मध्ये ते नाव आणि ते शहर दोन्ही एकदमच उभे राहिले. इतरत्र आपण साजरी करतो ती गावाच्या वयाची शताब्दी नसते. गावाने आपला कारभार आपल्या हाती घेण्याचा जो प्रयत्न सुरू केला, त्याची ती शताब्दी असते. हा फरक मनात पक्का असला की कार्यक्रमपत्रिकाही बदलते, कारण मग विचारायचा प्रश्न ‘आपले गाव किती पुरातन’ हा राहत नाही. गावाचा कारभार कोणाच्या हाती होता, कोणाला बाहेर ठेवले होते आणि बाहेरचे आत कसे आले, हा प्रश्न पुढे येतो.

हा कारभार सुरू झाला तोच अर्ध्या दाराने. सन १८५० चा २६ वा कायदा गावावर आपोआप लागू होत नसे. रहिवाशांनी मागणी केली तरच तिथे नगरपालिका स्थापन होई, आणि नगरपालिका म्हणजे नवा कर हे लोकांना लगेच कळत असल्यामुळे अशा मागणीला विरोधही होई. सभासद सरकारने नेमलेले असत. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या १८८२ च्या ठरावानंतर, आणि मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्यानंतर, निवडून आलेल्या सभासदांना जागा मिळू लागल्या. पण मत देण्याचा हक्क कर, मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींत अडकून राहिला. भाड्याच्या खोलीत राहणारा विणकर, गावकुसाबाहेरचा महार किंवा मांग, आणि जवळजवळ सगळ्या स्त्रिया यांना त्या यादीत जागा नव्हती. आज महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, तेही २०११ पासून. स्वराज्याच्या या लहान प्रयोगाचा इतिहास सांगायचा, तर ही यादी दर काही वर्षांनी कशी रुंदावत गेली हेच त्याचे मुख्य कथानक ठरेल.

आता स्मरणिकेकडे वळू. गुळगुळीत कागदावर छापलेल्या या जाडजूड अंकाची पहिली पंधरा-वीस पाने मंत्री, खासदार, आमदार आणि जिल्हाधिकारी यांच्या छायाचित्रांसह आलेल्या शुभेच्छा संदेशांची असतात आणि सगळ्या संदेशांचा मजकूर एकाच हाताने लिहिल्यासारखा असतो. मग गावाच्या नावाची व्युत्पत्ती येते. वनवासातले राम किंवा अज्ञातवासातले पांडव गावाजवळच्या टेकडीवर मुक्कामाला राहून गेलेले असतात. त्यानंतर शिवकाळातली एखादी हकिकत, पेशवाईतले एखादे देऊळ, १८८० च्या आसपासच्या सरकारी गॅझेटिअरमधून उतरवून घेतलेला एक परिच्छेद, १९४२ च्या आंदोलनातले एक-दोन हुतात्मे, आणि तिथून थेट उडी विद्यमान पदाधिकाऱ्यांच्या विकासकामांवर. मधली पानेच्या पाने सराफांच्या, सहकारी पतसंस्थांच्या आणि मंगल कार्यालयांच्या जाहिरातींची. जे गॅझेटिअर इतक्या श्रद्धेने उतरवले जाते, ते जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली इलाख्याच्या प्रशासनासाठी तयार झालेले होते. लोकसंख्या किती, आठवडी बाजार कोणत्या वारी, नगरपालिकेचे उत्पन्न किती, देऊळ कोणी बांधले, हे त्यात नेमकेपणाने सापडते आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण गावाने स्वतःविषयी लिहिलेले शेकडो कागद तळघरात असताना कलेक्टर कचेरीतून गाव कसे दिसत होते एवढेच शताब्दीला छापावे, यात काहीतरी चुकते आहे.

हे का होते, याचे एक कारण आपल्या इतिहासप्रेमाच्या घडणीतच आहे. महाराष्ट्रात इतिहासाचे वेड कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा केले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले आणि अस्सल कागदावाचून बोलू नये ही शिस्त मराठी वाचकांच्याही अंगवळणी पडली. ही परंपरा मोठी आहे. पण तिचे लक्ष मुख्यतः मराठ्यांच्या राज्यावर होते, आणि आपल्या लोकप्रिय इतिहासाने तर ते राज्य गेले त्या १८१८ सालीच दप्तर बांधून ठेवले. नगरपालिकांचा इतिहास सुरू होतो तो त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी. त्यामुळे घराण्याच्या बखरीचे एक पान सापडले तर गावात सत्कार होतो, आणि प्लेगच्या वर्षांतली नगरपालिकेची ठराववही रद्दीत गेली तर कोणाला हळहळही वाटत नाही.

या ठराववहीला कचेरीत प्रोसिडिंग बुक म्हणतात. ती वाचायला रंजक नसते, निदान पहिल्या बैठकीत तरी. सभेची तारीख, हजर सभासदांची नावे, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, मग विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ किंवा बाजूने इतकी व विरुद्ध इतकी मते. विषय पाहावेत तर दिवाबत्तीच्या घासलेटाचा मक्ता, कोंडवाड्याचा लिलाव, बाजारातल्या बैठ्या वसुलीचे दर, गटार उपसण्याचा खर्च, मुलींच्या शाळेला जागा, विहिरीत टाकायच्या जंतुनाशकाची खरेदी. पण सलग दहा-पंधरा वर्षांच्या वह्या वाचल्या की गाव आकार घेऊ लागते. १८९६ नंतरच्या प्लेगात लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेले तेव्हा कोणाच्या झोपड्यांना पाणी पुरवले गेले आणि कोणाच्या अर्जावर ‘विचार करता येत नाही’ असा शेरा पडला. पहिला नळ कोणत्या पेठेत आला आणि शेवटचा कोणत्या वस्तीत. १९१८ च्या इन्फ्लुएंझात स्मशानातल्या लाकडांसाठी किती जादा तरतूद करावी लागली. जकात वाढवायला व्यापारी सभासदांनी आणि घरपट्टी वाढवायला घरमालक सभासदांनी कसा विरोध केला. १९११ ते १९२१ या दशकात मुंबई इलाख्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, हे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचून विसरता येते. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पाने मोजली की ते विसरता येत नाही.

ठराववहीचे खरे मोल मात्र एका वेगळ्याच ठिकाणी कळते, आणि ते ठिकाण महाड आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असे सरकारी धोरण ठरले. कुलाबा जिल्ह्यातल्या महाड या लहानशा गावाच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ मध्ये आपल्या हद्दीतले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्यावर पाणी भरायला जाण्याची कोणा अस्पृश्याची छाती होईना. म्हणून रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांच्या खटपटीतून मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. हा योगायोग असेल. पण एकाच नगरपालिकेच्या कारभारात तळे खुले करणारा ठराव आणि तो मागे घेणारा ठराव असे दोन्ही असावेत, आणि दोन्ही त्याच कायद्याने चालणाऱ्या सभेतून झालेले असावेत, ही वस्तुस्थिती कोणत्याही शिलालेखापेक्षा जास्त शिकवणारी आहे. त्या गावात नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले सुरेंद्रनाथ टिपणीस आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्याच गावातल्या काही लोकांनी तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा करत दिवाणी न्यायालयातून मनाई आणली. डिसेंबरमधल्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. तळे नक्की कोणाचे, अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची वहिवाट खरोखर पूर्वापार होती का, असे प्रश्न त्यात उभे राहिले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला. म्हणजे ‘आमच्या गावात पहिल्यापासून असेच चालत आले आहे’ हे विधान साक्षीपुराव्याच्या कसोटीला टिकले नाही. स्थानिक इतिहासाचे काम कोणते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

२० मार्च २०२७ रोजी त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होतात. तेव्हा महाडला लाखोंची गर्दी होईल, राष्ट्रीय नेते येतील, आणि ते योग्यच आहे. पण महाड हे एकच उदाहरण आपल्याला ठाऊक आहे ते तिथे आंबेडकर गेले म्हणून. बोले ठरावाचा प्रश्न इलाख्यातल्या प्रत्येक नगरपालिकेपुढे होता. कोणी तो मंजूर करून अमलात आणला, कोणी मंजूर करून कपाटात ठेवला, कोणी ‘पुढील सभेत घ्यावा’ असे म्हणून कायमचा टाळला? ज्या ज्या नगरपालिकेचे त्या काळातले दप्तर शिल्लक आहे, तिथे याचे उत्तर तारीख-वारासह असणार. शताब्दीच्या व्यासपीठावरून सामाजिक समतेचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येक नगराध्यक्षाने आपल्या गावाचे १९२३ ते १९३० चे प्रोसिडिंग बुक एकदा स्वतः चाळावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिकही असतो. उत्सव लोकांना जोडण्यासाठी असतो. जुनी भांडणे उकरून आजच्या शेजाऱ्यांत वितुष्ट कशाला आणायचे? ज्या घराण्यातल्या कोणी शंभर वर्षांपूर्वी तळे बंद ठेवण्यासाठी हात वर केला, त्या घरातली नातवंडे आज गावात सभ्यपणे नांदत आहेत, त्यांना कशाला खाली मान घालायला लावायची? या म्हणण्यातली माणुसकी मला मान्य आहे. पणजोबांच्या मताचा जाब पणतवंडाला विचारता येत नाही. पण ज्यांच्या पणजोबांना पाणी नाकारले गेले, त्यांच्या घरात ती आठवण कोणत्याही स्मरणिकेशिवाय जिवंत आहे. न छापल्याने ती पुसली जात नाही. हा उत्सव आपला नव्हे, एवढेच फक्त त्यांना कळते. शिवाय कागद उघडले तर विरोधात हात वर करणाऱ्यांबरोबर बाजूने हात वर करणारेही सापडतात, आणि बहुतेक गावांना आपले टिपणीस कोण होते हे ठाऊकच नाही. झाकून ठेवण्यात त्यांचेही नाव गाडले जाते.

खर्चाचा मुद्दाही नवा नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे म्हणून त्याला विरोध करणारे फुले सभेत एकटे होते. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. त्या स्वागताची कमान कशी होती हे आज कोणाला सांगता येणार नाही. विरोधातले ते एक मत मात्र महाराष्ट्र विसरलेला नाही.

मग ही दप्तरे आहेत कुठे आणि कशी? शासकीय कचेऱ्यांत अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि अ वर्गातले कागद कायम जपायचे असतात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवावेत असे सांगते. नियमांची वाण नाही. प्रत्यक्षात अभिलेख कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली असते, लाल फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या असतात, आणि नव्या प्रशासकीय इमारतीत स्थलांतर करताना सर्वांत आधी ‘निरुपयोगी’ ठरते ती हीच खोली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा याच दप्तरांना एकाएकी किंमत आली. तहसील कचेऱ्या, जुन्या शाळा, जन्म-मृत्यूच्या नोंदी सगळीकडे शोध सुरू झाला, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची निकड भासू लागली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, जुना कागद हा माणसाच्या हक्काचा पुरावा असतो हे त्या काही महिन्यांत गावोगाव समजले. जे कागद हक्कासाठी शोधले जातात, ते इतिहासासाठी जपायला अडचण असू नये.

कागदांत जे कधीच येत नाही, त्याचाही विचार करायला हवा. नगरपालिका शंभर वर्षे उभी राहिली ती ज्यांच्या श्रमावर, त्या सफाई कामगारांची नावे ठराववहीत सहसा दिसतात ती पगारवाढ नाकारताना किंवा दंड करताना. अनेक शहरांत ही कुटुंबे बाहेरच्या प्रांतांतून आणून गावाच्या कडेला, नगरपालिकेच्याच चाळीत वसवली गेली. सफाई कामगारांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसांना नोकरीचे संरक्षण मिळाले. मात्र त्याच संरक्षणामुळे पिढ्यान् पिढ्या तोच झाडू हाती राहिला, हे त्याच कामगारांची शिकलेली मुले आज सांगतात. माजी नगराध्यक्षांच्या मुलाखती घेण्याआधी या चाळींतल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे, कारण त्यांच्यामागे दुसरा पुरावा उरणार नाही. बाजारातले हमाल, दाया, विडी कामगार स्त्रिया, यंत्रमागावरचे कामगार यांचीही तीच गत.

हे काम नगरपालिकेने स्वतःच्या देखरेखीखाली करू नये, असेही मला वाटते. सत्तेवर असलेल्या मंडळींनी लिहिलेला इतिहास शेवटच्या प्रकरणात त्यांच्यापाशीच येऊन थांबतो. महाराष्ट्रातल्या कित्येक लहान शहरांत नगरपालिकेइतकीच जुनी, काही ठिकाणी तिच्याहूनही जुनी वाचनालये आहेत. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. नगरपालिकेने पैसा द्यावा, दप्तर खुले करावे आणि बाजूला व्हावे. गावचे वाचनालय, महाविद्यालयाचा इतिहास विभाग आणि मोडी जाणणारे दोन-चार लोक यांच्या हाती सूची, छायाचित्रण आणि संपादन असावे. आधी छापावी ती सूची, कारण सूचीशिवाय कोणता कागद गहाळ झाला हेही कळत नाही. शंभर वर्षांतले पन्नास निवडक ठराव मूळ शब्दांत छापले, बाजूने आणि विरुद्ध मते देणाऱ्यांच्या नावांसह, तरी ते पुस्तक कोणत्याही स्मरणिकेपेक्षा जास्त वाचले जाईल. गावात आपल्या पणजोबांचे नाव शोधत नाही असा वाचक दुर्मीळ.

आजच्या काळाची एक अडचण याहून अवघड आहे. अलीकडे राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर निवडणुकांअभावी कित्येक वर्षे प्रशासक होते. त्या काळातले निर्णय झाले, निधी खर्च झाला, रस्ते उकरले गेले. पण सूचक नाही, अनुमोदक नाही, विरोधी मत नाही. उद्याच्या अभ्यासकाला त्या वर्षांचे कागद पुष्कळ मिळतील आणि त्यांत गावाचा आवाज ऐकू येणार नाही. निवडून आलेल्या सभागृहांतही आता चर्चा व्हॉट्सॲपवर उरकते आणि इतिवृत्तात उरतो तो ‘सर्वानुमते मंजूर’ एवढाच शिक्का. त्यामुळे शताब्दीच्या निधीचा विषय सभेपुढे येईल तेव्हा त्यात दप्तराच्या जतनासाठी वेगळी रक्कम दाखवली आहे का, एवढे तरी एखाद्या नगरसेविकेने उभे राहून विचारावे, आणि मिळेल ते उत्तर आपल्या नावासह इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.